गुंजीचं धुकं आणि तुमचं पित्त

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. अजून चिडलेली आहे मी. काल सुरेशनं तुम्ही काढलेला शेवटचा फोटो मोठा करून, काचेत बसवून आणला. म्हणतो, “आई, गुंजीच्या माळावरचं धुकं लई भारी टिपलंय आप्पांनी. बाहेरच्या खोलीत लावूया.” मी खिळा ठोकू दिला नाही. पोरगं न जेवता झोपलं. आता हे भांडण तुमच्याशीच करायला पाहिजे, म्हणून लिहिते.

त्या सकाळी तुम्ही छाती चोळत होता. मी म्हटलं, आधी दवाखान्यात जाऊ.

“पित्त हाय गं. जरा सोडा दे.”

“सदरा भिजलाय घामानं! पित्तानं घाम येतोय व्हय?”

“डॉक्टर दिवसभर बसतोय. धुकं बसत न्हाय.”

आणि स्कूटरला किक मारून गेलात. बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार! गवत कापायला निघालेल्या बायकांना तुम्ही माळावर आडवे दिसलात. कॅमेरा मात्र स्टँडवर नीट उभा होता. त्याला काही झालं नाही.

आपल्याकडं छातीतल्या प्रत्येक कळेला पित्तच का म्हणतात हो? मामंजींचंही पित्तच होतं. त्यांना तिरडीवर ठेवलं तेव्हा सोड्याची बाटली अंथरुणाच्या उशाशीच होती. तुम्हीच ती उचलून बाहेर टाकलीत. तरी शिकला नाहीत!

लग्नाचे फोटो पोटासाठी, डोंगराचे जिवासाठी, असं तुम्ही म्हणायचात. मी कधी अडवलं? नवी नवरी असताना संकेश्वरला माहेरी निघालो होतो, तर उसाच्या तुऱ्यांवर ऊन पडलंय म्हणून मला एसटीतून मध्येच उतरवलंत. बांधावर उभी राहिले, तर म्हणे, “बाजूला हो गं, तुझं लाल लुगडं मधी येतंय.” उतरले, बाजूलाही झाले. चौथीत शाळा सुटलेली मी, पण तुम्हाला हवा तो उजेड येईपर्यंत माळावर बसून वाचनालयातली पुस्तकं संपवली. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते. ती संधीही ठेवली नाहीत.

आणि तुमचा श्रद्धांजलीचा बॅनर! चौकात पोरांनी लावला. तुमच्या मागं बर्फाचे डोंगर. मी विचारलं, “हे कुठलं रं?”

“काकू, आप्पा सीनरी काढायचे न्हवं? म्हणून सीनरी घातलीया.”

भर चौकात मला हसू फुटलं. लोक बघायला लागले. ही गोष्ट घरी येऊन तुम्हाला सांगायची होती हो. तुम्ही आधी पोरांना शिव्या घातल्या असत्या आणि मग माझ्याहून जास्त हसला असता. कुणाला सांगू आता?

आज सुरेश आपल्या फोटो स्टुडिओत गेल्यावर वरचं कापड काढून मी तो फोटो बघितला. वाईट आला असता तर बरं झालं असतं. ह्यासाठी गेलात का, असं तोंडावर विचारता आलं असतं. पण धुक्यातून एकच झाड वर आलंय, आणि त्याच्या शेंड्याला नुकतं ऊन लागलंय. मी बघतच राहिले. इतका चांगला आलाय, ह्याचाच जास्त राग येतो. तुम्ही तिथं उभं राहून “आलं, आलं” म्हणाला असाल. मला ऐकू आलं.

हा फोटो स्टुडिओत लागेल. लोकांनी बघावा, नाव काढावं. घरात नको. रोज चहा पिताना मला तो माळ दिसायला नको.

परवा सुरेश तापानं फणफणलेला असताना कॅमेरा गळ्यात घालून निघाला होता. “कुठं रं?” तर म्हणे, “आई, ढग बघ की!” हुबेहूब तुमचा आवाज. मी कडी लावून दारातच उभी राहिले.

तेव्हा ऐका. ह्या घरातून आजारी माणूस पुन्हा फोटो काढायला जाणार नाही, हे माझं वचन. मी उंबऱ्यावर आडवी पडेन. जायचं तर मला ओलांडून जावं लागेल. ढग जाऊ देत की! ढग काय, दुसरे येतात.

रागावलेली, तरी तुमचीच,
सुमन