गोळा डावीकडे

सोमवार, ५ मे

परत तेच! चाळीसपैकी एकतीस रबरी नळ्या चाचणीत बाद. नळी दोन्ही टोकांना पकडीत धरायची, दुप्पट ताणायची, मग हवा भरायची. चांगली नळी अंगभर सारखी फुगते. दादाच्या नळ्या? डाव्या टोकाशी टम्म गोळा, आणि बाकीची नळी निवांत! रबर कुठे केसभर पातळ राहिलं की सगळा ताण तिथंच धावतो. म्हणजे रबरात साचे बुडवताना स्वारीचं लक्ष नाही. सख्खा भाऊ आहे म्हणून डोळे मिटून शिक्का मारू?

मंगळवार, ६ मे

जेवणाच्या सुट्टीत दादा माझ्या यंत्रापाशी आला. म्हणे, "एकदा उलटी लावून बघ ना. नळीत खोट असेल तर गोळा उजवीकडे येईल."

अरे वा! आता हा मला शिकवणार! नळीचं छाप असलेलं टोक नेहमी डावीकडे — सात वर्षं हेच करतेय. रोज सकाळी पकड तपासल्याची सही असते, तीसुद्धा मी न बघता ठोकते, इतकं सरळ यंत्र! तोंडावर सांगितलं, "आधी स्वतःचे हात बघ." संध्याकाळी वहिनी बोलली नाही माझ्याशी. नसेना का!

बुधवार, ७ मे

दाढ ठणकतेय. कामावर गेले नाही. चिडायलासुद्धा तोंड उघडत नाही.

गुरुवार, ८ मे

मॅनेजरने दोघांना बोलावलं. टेबलावर माझे तक्ते. "चूक कुणाची ते सांगा. एक जण तर जाणारच."

मला वाटलं दादा भांडेल, पुन्हा नळी उलटी लावायचं टुमणं लावेल. मी उत्तरं घोकून गेले होते! तर हा शांतपणे म्हणतो, "माझीच." आणि राजीनाम्यावर सही! चौदा वर्षांची नोकरी — आणि पेनसुद्धा मॅनेजरचंच मागून घेतलं! भित्रा मेला! वहिनीला सातवा महिना, आणि हा साधं भांडत नाही!

गेटपाशी मला विचारतो, "दाढ कशी आहे?"

"मसणात गेली दाढ!" म्हटलं.

शनिवार, १० मे

दादाचं कपाट रिकामं करायला मलाच पाठवलं. ॲप्रनखाली सहा नळ्या, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीवर त्याचं अक्षर — "उलटी लावली. गोळा डावीकडेच."

खोट नळीत नव्हतीच. माझ्या डाव्या पकडीत होती.

खाली तारीख. सात — मी दाढ धरून घरी होते तो दिवस. गाढवा, आणि आठला "माझीच" म्हणालास!