वीस बाजूंचा फासा आणि नेरचे पाहुणे

९ नोव्हेंबर, रविवार
आज राक्षस मेलाच नाही — धरमसिंगने त्याच्याशी सोयरीक जुळवली! हा चाळिशीचा एसटी कंडक्टर आमच्या खेळात बारा वर्षांची चेटकीण होतो. लोहाऱ्याला अतुल-शीलाच्या घरी आम्ही चौघं दर रविवारी दुपारी बसतो. मी गोष्ट सांगते, ते तिघं आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात. जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. हसून हसून पोट दुखलं.

घरी आले तर आईचा निरोप — पुढच्या रविवारी नेरचे पाहुणे. मुलाचं नाव रजत, कृषी केंद्र आहे. आई म्हणाली, "त्या फाशाचं तोंडातून काढू नोको."

११ नोव्हेंबर
शेजारचे म्हणतात जुगार. मी काम करते त्या लॅबमधले डॉक्टर म्हणतात पोरखेळ. मावशीचं मत, वेळेवर लग्न झालं असतं तर हा नाद लागलाच नसता. मग शीलाला कसा लागला? दोन पोरांची आई आहे ती! पुढचा प्रसंग सुचलाय. आज रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहितानाही तोच डोक्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार
कुठून सुरू करू!

पाहुणे तिघं — रजत, त्याची आई विमलताई, मामा मारोतराव. पोहे झाले. मामांनी सरळ विचारलं, मुलगी लोहाऱ्याले जाऊन फासे टाकते असं ऐकलं, खरं काय? आई चहा आणायच्या निमित्ताने आत गेली ती आलीच नाही.

मी पर्समधून फासा काढला. यात पैसे लावत नाहीत, म्हटलं, दाखवते. समोर नदी फुगलेली, पूल वाहून गेलेला, पलीकडच्या गावाला आग लागलीय. तुम्ही काय कराल?

मामांनी घड्याळ बघितलं. रजत मोबाईलमध्ये. आणि तोवर एक शब्द न बोललेल्या विमलताई म्हणाल्या, "म्हशीचं शेपूट धरतो. म्हैस बरोबर पलीकडं नेते."

मला टाळीच वाजवावीशी वाटली. फासा त्यांच्या हातात दिला. टाकला — वीस! पोचल्या त्या पलीकडे. मग आग विझवायला त्यांनी गावातल्या बायांना हाका मारल्या, खऱ्याखुऱ्या, आमच्या बैठकीत! पदर खोचून! मामांनी "विमल" एवढंच म्हटलं. त्या बसल्या. चेहरा मात्र लाल झालेला, हसू आवरत नव्हतं.

निघताना रजतने मला बाजूला घेऊन विचारलं, "लग्नानंतर हे बंद ना?"

"नाही," म्हटलं. जरासुद्धा थांबले नाही.

१७ नोव्हेंबर
आई बोलत नाही. सदतीस वय झालं, हे भांड्यांच्या आवाजातून ऐकू येतं. मी वाईट आहे का? पण काल घडलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. आनंदाचा!

२० नोव्हेंबर
पाहुण्यांनी अजून काही कळवलं नाही. आई देवासमोर बसते, मी खेळातल्या गावांचा नकाशा रंगवते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
विमलताईंचा फोन. आईने धावत येऊन माझ्या हातात दिला.

"पोरगं नाही म्हणते," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात — "उद्या लोहाऱ्याले किती वाजता या लागते? मी एसटीनं येतो."