बोरीच्या विहिरीचे चार रिकामे दिवस

४ फेब्रुवारी
बोरीची विहीर दर महिन्याला चार दिवस कोरडी पडते! निदान माझ्या आलेखात. पाण्याची खोली गावातली सविता रोज मोजते. तिच्या वहीत काही रकाने रिकामे होते, संगणकावर पायथन प्रोग्रॅममध्ये मी तिथे बिनधास्त शून्य भरलं आणि रेघ चार वेळा थेट तळाला गेली. आमचे साहेब व्यंकटराव सर हसले नाहीत. आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून मधले भरून टाका म्हणाले, अहवालात भोकं नकोत.

५ फेब्रुवारी
काहीच भरलं नाही तर रेघ तिथे तुटते, एवढंच. मला तेच खरं वाटतं. पण हे खाडे – नोव्हेंबरच्या दोन तारखेपासून चार दिवस, मग तीसपासून, मग अठ्ठावीस डिसेंबर, मग पंचवीस जानेवारी. बरोब्बर अठ्ठावीस दिवसांनी! बाई असून एवढं कळायला मला आलेख लागला.

८ फेब्रुवारी
सविताला फोन केला. हे चार-चार दिवस खाडे का, विचारलं. मग हळूच – "विहीर मारुतीच्या आवारात हाय, ताई. पाळीत कसं जाऊ?"
अर्धा तास बोललो. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही, सासू दर महिन्याला तोंड फिरवते. मीही सांगून टाकलं, परभणीत मला कुणी नाही म्हणून. हे आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

९ फेब्रुवारी
रविवार. दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणाले. दिवसभरात तेवढंच.

१० फेब्रुवारी
सरांना खरं कारण सांगायची लाज वाटली. रेघ तुटलेलीच राहू द्या, एवढं म्हटलं. पुन्हा खाडा दिसला तर दुसरं माणूस बघू, म्हणाले. सविताला कळवावं लागलं. "बरं ताई," म्हणाली आणि फोन ठेवला.

३ मार्च
फेब्रुवारीचा एकही रकाना रिकामा नाही. सर खूश. मी मात्र तिच्या पाळीचे दिवस मोजून पाहिले. बावीस ते पंचवीस, चारही आकडे हजर! काम जाईल या भीतीने मनाचेच टाकले असणार. खोटं लिहायला मीच शिकवलं तिला. फोन करायचा धीर होत नाही.

२ एप्रिल
मार्चही पूर्ण भरलेला. शेवटी विचारलंच, आकडे खरे आहेत ना?
"खरेच हायत, ताई. तिसरा म्हैना लागलाय. घराबाहेर तुमालाच पयलं सांगायले. माहेरी बी न्हाई अजून."
माहेरच्याही आधी मला. आलेख पुन्हा काढला. जानेवारीनंतर रेघ कुठे तुटत नाही. खूप रडले.