गप्पी माशांची निगा

४ ऑगस्ट
वही सुरू. कालच्या बैठकीत उपकेंद्राच्या प्रगती सिस्टरनी डेंग्यूसाठी पाड्यातून एक स्वयंसेवक मागितला. हात मी एकट्यानेच वर केला. दिवाळीपर्यंत पाड्यात एकही रुग्ण निघाला नाही, तर फवारणीच्या कंत्राटी कामासाठी माझे नाव वर पाठवणार. म्हणजे यंदा मजुरीला भिवंडीच्या वीटभट्टीवर जायला नको. नवशीला तसे सांगून टाकले. बायको असूनही तिला आनंद झाला नाही. म्हणाली, आधी काम मिळू दे, मंग सांग.

५ ऑगस्ट
सिस्टरनी पिशवीतून वीस गप्पी मासे दिले. डासांच्या अळ्या खातात. पाड्याच्या टाकीत सोडायचे होते. पण शेजारच्या लहान्याकाकांनी पिशवी निरखून विचारले, रोहिदास, चटणी वाटायला सांगू का? मासे तूर्त घरच्या ड्रममध्ये.

८ ऑगस्ट
मासे फार बारीक. अशक्त मासा अळी कशी पकडणार? रोज दोन वेळा नागलीची भाकरी कुस्करून घालायचे ठरवले. नवशी म्हणाली, भाकरीनं पोट भरल्यावर अळ्या कशाला खातील? तिला विज्ञान समजावले. मध्येच उठून शेतावर गेली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर शाळेत लक्षणे वाचून दाखवली. अचानक मोठा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, सांधेदुखी, अंगावर लाल पुरळ. चार बायकांनी तिथेच कंबर दुखते म्हणून सांगितले. नावे लिहून घेतली. सिस्टरनी खोडायला लावली. भाताची लावणी झाली की अख्ख्या पाड्याची कंबर दुखते, म्हणाल्या.

२७ ऑगस्ट
घरोघर तपासणी. चिमीवहिनीची फुटकी घागर पालथी केली. तुकाच्या दारातले टायर उपडे केले. तुका म्हणाला, चल, आता तुझा ड्रम बघू. तिथे मासे आहेत, तपासायची गरज नाही, असे ठणकावले.

९ सप्टेंबर
मासे गुबगुबीत. शिवाय पिल्ले झाली! अंदाजे दोनशे. शेपटी वर करून उलटी लटकतात. हात लावला की वळवळत खाली जातात. फार हुशार. भाकरी वाढवली.

१४ सप्टेंबर
पिल्ले एकदम कमी झाली. मोठ्या माशांवर संशय. घरात भरदिवसा डास. तुकाच्या टायरवर संशय.

२१ सप्टेंबर, सकाळ
थोडी कणकण. डोळ्यांच्या मागे ठणकते, बारीक अक्षर काढल्यामुळे. गुडघे दुखतात, तपासणीमुळे. नवशी म्हणाली, हेच तू शाळंत वाचलं ना? ते पाड्यासाठी होते. माझ्याकडे मासे आहेत.

२२ सप्टेंबर
ताप १०३. हातांवर लाल ठिपके. ढेकूण असावेत.

२३ सप्टेंबर
नवशीने मला विचारले नाही. तुकाला हाक मारली. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून मला जव्हारला आणले. वही कशीबशी घेतली.

२७ सप्टेंबर, सरकारी दवाखाना, जव्हार
डेंग्यू. प्लेटलेट उतरल्या होत्या, आता चढताहेत. पाड्यातला पहिला रुग्ण. एकटाच. तुका म्हणाला, हात पण तूच एकट्यानं वर केला होतास.

४ ऑक्टोबर
घरी. सिस्टर आल्या. त्यांनी माझी वही ओटीवर मोठ्याने वाचली. दोनशे पिल्लांपाशी थांबावे लागले. लहान्याकाकांना हसून ठसका लागला. ती पिल्ले नव्हती.
मी दवाखान्यात असताना नवशीने भाकरी बंद केली. दोन दिवसांत ड्रममध्ये एक अळी उरली नाही. मग निम्मे मासे तिने हंड्यातून टाकीत नेऊन सोडले. तिथे लहान्याकाका काठी घेऊन राखण करतात.
सिस्टरनी माझे नाव तालुक्याला पाठवले आहे, रुग्णांच्या यादीत. कामासाठी नवशीचे पाठवले. म्हणजे भट्टी टळली तर माझेच बोलणे खरे ठरेल. नोंदी लिहायला तिला मी लागेनच. ती म्हणाली, लिही, पण ड्रमकडं फिरकू नको.

सायंकाळी ६
सहज फिरकलो. एक मासा वर येऊन माझ्याकडे बघत होता. फारच खंगला आहे. खिशात भाकरीचा तुकडा होता. मागे वळून पाहिले, तर नवशी दारात उभी.
तुकडा मीच खाल्ला.