सगळे परतले

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा! आमची ही गेल्यापासून मी घरात नुसता बसून असायचो, म्हणून लेकीने, बबडीने, हात धरून इथे आणलं. नौकाविहार क्लबाच्या धक्क्याचा मी आजपासून व्यवस्थापक. राहायला दोन खोल्या, खुर्ची मऊ, पंखा कुरकुरतो पण फिरतो.

काम सोपं. सभासद फोनवरच्या ॲपमध्ये ‘निघालो’ दाबून होडी सोडतात, आल्यावर ‘परतलो’ दाबतात. तोवर प्रत्येकाचा एक ठिपका माझ्या फोनवर तळ्यात फिरत असतो. वारा किती, पाणी किती खोल, तेही कळतं. अंधार पडला तरी कोणी ‘परतलो’ दाबलं नाही, तर भोंगा होतो आणि बचावाची बोट सुटते. बबडीने लगेच होडी काढली. जाताना म्हणाली, ठिपक्यावर लक्ष ठेवा बाबा, डुलक्या काढू नका!

११, मंगळवार
मंडळी भलती आळशी. होडी बांधली की तडक चहाला. बटण दाबायला यांचं काय जातं? मिस्त्री, म्हणजे इथले होड्या दुरुस्त करणारे, म्हणाले की संध्याकाळी सगळ्यांचं ‘परतलो’ आपणच दाबून टाकायचं, आधीचे साहेबही तेच करायचे. फक्त त्याआधी धक्क्यावर जाऊन होड्या बघायच्या. सुरुवातीला गेलो. आता खुर्चीतूनच उरकतो. रोज रोज काय डोंबल बघायचं!

१९, बुधवार
काल सगळ्यांचं दाबून झालं आणि पाहतो तर डॉक्टरांचा ठिपका तळ्यातच. भोंगा होणार कसा, मीच त्यांना परतलेलं दाखवलं होतं. धावत धक्क्यावर गेलो. होडी बांधलेली, डॉक्टर बाकावर, नखशिखांत भिजलेले. जीव भांड्यात पडला. मिस्त्री म्हणाले, फोन पडला असेल पाण्यात.

एरवी डॉक्टर म्हणजे क्लबातले सगळ्यात बडबडे. आज दिवसभर त्याच बाकावर बसून होते, तोंडातून चकार शब्द नाही.

२१, शुक्रवार
आज धुकं. कंटाळा आला, खुर्चीतूनच सगळ्यांचं दाबलं. बबडी होडी घेऊन गेलीय हे ध्यानातच राहिलं नाही.

ती आली. भिजलेली. फोन तळ्यात पडला म्हणाली. टॉवेल दिला, तो हातातच धरून बसली. चहा प्यायली नाही.

तिचा ठिपका अजून तळ्यात आहे. बुडालेल्या फोनचा ठिपका हलेल कसा? हलतोय. आणि त्या फोनवरून निरोप आला. बाबा, वल्हं वाहून गेलं, बोट पाठवा.

बबडी समोरच बसलीय.

२२, शनिवार
मिस्त्रींना घेऊन ठिपक्यापर्यंत गेलो. नुसतं पाणी. हाका मारल्या. परतताना निरोप — बाबा, तुमची बोट दिसतेय, किती ओरडतेय मी, मागे तरी बघा.

मागे पाहिलं. कोणी नाही.

दुपारी डॉक्टरांची बायको आली. म्हणाली, हे घोरत नाहीत आता. मग हळूच म्हणाली, छातीला कान लावला तर काहीच ऐकू येत नाही.

डॉक्टरांचा ठिपका आज विझला. त्यांचं ‘परतलो’ रद्द करायला गेलो. होईना. ठिपका असेपर्यंतच रद्द होतं. मिस्त्री हातातला हातोडा खाली ठेवून घरी निघून गेले.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. जेवलो.

२३, रविवार
बबडीचा ठिपका फिकट झालाय. बॅटरी संपत आली — निरोप तुटक. थंडी. बाबा. थंडी.

रद्द केलं की भोंगा होईल, बोट सुटेल. ती सापडेल. आणि ही —

ही दिवसभर माझ्या मागे मागे आहे. पावलांचा आवाज नाही.

संध्याकाळ
खिडकीशी बसलोय. समोर तळं. दिवा लावलाय. अंगठा बटणावर —

तिने हातावर हात ठेवला. गार. म्हणाली, मला परत पाठवू नका बाबा. आवाज बबडीचाच. माझ्या लेकीचाच. अंगठा हलत नाही. माझाच आहे ना हा —

फोन वाजला. निरोप. बाबा, दिवा दिसला, तुम्ही दिसताय खिडकीत, तुमच्याशेजारी कोण ब