घड्याळाच्या मते मी झोपले होते

२ सप्टेंबर

खोटं! साफ खोटं! अख्खी रात्र टक्क जागी होते आणि हे मनगटावरचं यंत्र म्हणतं – उत्तम झोप. त्यातही गाढ झोप जास्त. वर एक हसरा चेहरा काढून दाखवतं.

सुमंतने पुण्याहून पाठवलेलं घड्याळ. माझी झोप त्याच्याही मोबाइलवर दिसते म्हणे. आईची झोप मुलाच्या खिशात! सकाळीच त्याचा फोन – "आई, मस्त झोपलीस की काल!" म्हटलं, डोळ्याला डोळा लागला नाही. तर म्हणतो, "अगं, तुला तसं वाटतं. घड्याळ मोजतं ना."

म्हणजे माझ्या रात्रीबद्दल माझी साक्ष चालत नाही. यंत्राची चालते. आयुष्यभर सभा जिंकल्या, आज पोटच्या पोराशी वादात हरले.

४ सप्टेंबर

ईशानी डॉक्टरांकडे घेऊन गेली. सुमंतची लेक, पण इथे काशीत विद्यापीठात प्रवेश मिळाल्यापासून माझीच झाली आहे. डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले नाहीत, जीभ पाहिली नाही. ईशानीच्या हातातला मोबाइल पाहिला. "माताजी, नींद तो आपकी हमसे भी अच्छी है।"

सकाळी घसा कोरडा पडतो, आवाज बसतो म्हटलं. "पानी पीजिए, भाषण कम कीजिए।"

भाषण कमी करा! पितृपक्ष तोंडावर आला आहे आणि मी भाषण कमी करू?

परत येताना घाटावरून आलो. पुराचा गाळ अजून पायऱ्यांवर आहे. पाइपने धुताहेत. ईशानी म्हणाली, "आजी, घड्याळ काढून टाक ना यार, टेन्शन नको घेऊ." काढणार नाही. खोटं बोलणाऱ्याला मी घरातून हाकलत नाही, आधी त्याचं खोटं उघडं पाडते.

५ सप्टेंबर

लिहून टाकते. बोलून दाखवता यायचं नाही.

झोप येत नाही हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं – पहाट व्हायच्या आधी भिंतीपलीकडून यज्ञेश्वरचा, माझ्या नवऱ्याचा, वेदपाठ ऐकू येतो.

यज्ञेश्वरला जाऊन दहा महिने झाले. त्याची खोली रिकामी आहे. पोथ्या मी स्वतः पाठशाळेत पोचवल्या. तिथे आता फक्त त्याचं बसायचं घोंगडीचं आसन आहे, गुंडाळलेलं.

आणि तरी आवाज येतो. तोच खर्ज. शब्द पुढे जातात, उलट फिरतात, पुन्हा पुढे येतात, मग एक नवा शब्द त्यात ओवला जातो. घनपाठ. चाळीस वर्षं त्याने रोज हेच केलं. मी कानात कापसाचे बोळे घालून झोपायचे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हटलं होतं, मला शिकव. बाईला वेद शिकवायची त्याची छाती झाली नाही. रामघाटावरचे वैदिक काय म्हणतील! नवरा हा, पण त्याला नावाने हाक मारते, एकेरी बोलते म्हणून माझं नाव आधीच वाईट झालेलं. मग त्याच्या भित्रेपणावर मी टाउन हॉलात तासभर बोलले. नाव घेतलं नाही. सगळ्या काशीला कळलं. घरी येऊन त्याला बजावलं – शिकवत नाहीस ना, मग ऐकवूही नकोस! तर म्हणाला, "भिंतीला मी काय करू, शरदिनी?"

आता मुद्दा. घड्याळ खरं असेल तर मी त्या वेळी झोपेत असते आणि हे स्वप्न आहे. विधवा बाईला नवऱ्याचं स्वप्न पडलं, त्यात विशेष ते काय? घड्याळ खोटं असेल तर मी जागी असते. आणि मेलेला माणूस पलीकडे पाठ म्हणत असतो.

गेली तीस वर्षं सर्वपित्री अमावास्येला माझं व्याख्यान असतं. विषय बदलत नाही – मृत्यूनंतर काहीही उरत नाही. भुकेले पितर नाहीत, अतृप्त आत्मे नाहीत, भीती विकणारे तेवढे आहेत. तेही कुठे, तर काशीत! दगड पडले, शेण पडलं, टाळ्याही पडल्या. एकही वर्ष चुकवलं नाही.

७ सप्टेंबर

आज ग्रहण. ऐन ग्रहणात पानावर बसले. ईशानीनेही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. समोरच्या खिडकीतून शेजारीण अंबिका बघत होती – तिला दिसेल अशीच बसले होते.

९ सप्टेंबर

यज्ञेश्वर चुकला.

आवाजाची आता सवय होत चालली होती. पण काल तो एका जागी अडला. शब्द उलटा फिरवून परत यायचं, तिथे भलताच शब्द आला. थांबला. पुन्हा मुळापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडला! आणि पुन्हा!

मला कसं कळलं तो चुकला ते? कळलं. चाल मोडली.

तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला, मी उठून बसले – आणि पलीकडे शांत. दर वेळी असंच होतं. मी उठून बसले की तो गप्प होतो. जसा काही पकडला जायला नको म्हणून.

सकाळी विचारलं, रात्री लाइट गेली होती का गं? "हो ना, काय उकडत होतं!" गेली होती! मी खरोखर पंखा थांबलेला ऐकला. आणि घड्याळाच्या मते मी तेव्हा गाढ झोपेत. अगदी तळाशी.

ईशानीला त्यापुढचं विचारणार नाही. तिची खोली माझ्या खोलीला लागून, दुसऱ्या बाजूला. तिने 'काही ऐकलं नाही' म्हटलं तर मी भ्रमिष्ट. 'ऐकलं' म्हटलं तर माझं सगळं आयुष्य खोटं.

१० सप्टेंबर

ढुंढिराजला बोलावलं. यज्ञेश्वरचा पट्टशिष्य. आता स्वतः पाठशाळेत शिकवतो, केस पांढरे झाले, पण माझ्यासमोर अजून चप्पल दाराबाहेर दोन हात लांब काढतो. आडून विचारलं.

"ढुंढिराज, तुझे गुरुजी कधी अडायचे का रे पाठात?"

"गुरुजी?" तो हसायलाच लागला. "काकू, गुरुजी अडले असते तर आम्ही सगळ्यांनी गंगेत उड्या घेतल्या असत्या! अडायचो आम्ही. मग ठरलेलंच – 'परत, मुळापासून!' एकदा मी दिवसभर एकाच जागी अडत होतो. जेवायला उठू दिलं नाही. शेवटी तुम्हीच ओरडलात स्वयंपाकघरातून – सोड त्या पोराला!"

"मी?"

"तुम्हीच! आणि काय म्हणालात माहीत आहे? 'तिथे असं नाही, असं आहे म्हणावं त्याला!' गुरुजी पाहत राहिले. मग आम्हाला म्हणाले, जेवा."

आठवत नाही मला. गोष्टी रंगवायची सवय आहे त्याला. निघताना म्हणाला, "काकू, यंदाही व्याख्यान आहे ना? आम्ही येतो हं मागे बसून. शिव्या खायला." चेष्टाच, पण प्रेमाची. हा माणूस वर्षभर लोकांची श्राद्धं चालवतो आणि अमावास्येला मला ऐकायला येतो.

तो गेल्यावर विचार करत बसले. जिवंतपणी जो कधी चुकला नाही, तो मेल्यावर विसरायला लागला आहे का? आवाजापेक्षा मला याची भीती वाटते. मरण म्हणजे संपणं – हे मला सोसतं. मरण म्हणजे हळूहळू विसरत जाणं, रोज रात्री चाचपडणं – हे सोसत नाही.

१२ सप्टेंबर

दुपारी खुर्चीत वाचत बसले होते. जाड इतिहासग्रंथ, तळटीपांसकट. घड्याळाने नोंद केली – वामकुक्षी!

ईशानीने समजावलं. त्याला आत काही दिसत नाही. हात हलतो का आणि नाडी किती, एवढंच बघतं. हात हलला नाही, नाडी मंद, की झोपली.

"मग घाटावर ध्यान लावून बसलेले सगळे बाबा घोरताहेत म्हणायचं!"

"आधे तो सच्ची में सोते हैं, आजी."

खूप दिवसांनी हसले.

पण बघ – मी अंधारात श्वास रोखून, बोटही न हलवता भिंतीकडे कान लावून पडलेली असते. यंत्राला तीच गाढ झोप वाटत असणार. म्हणजे खोटं तेच आहे. मी नाही.

१४ सप्टेंबर

सिद्ध केलं!

काल झोपताना घड्याळ मनगटावरून काढलं आणि यज्ञेश्वरच्या गुंडाळलेल्या आसनाला बांधलं. घोंगडीच्या वळकटीला. सकाळी ईशानीला म्हटलं, बघ काय म्हणतंय.

तिने बघितलं आणि जमिनीवर बसून हसत सुटली. "आजी! आजोबांचं आसन सात तास झोपलंय! नाडीपण आहे! अठ्ठावन्न!" मधे थोडा वेळ स्वप्नंसुद्धा पडली म्हणे घोंगडीला. मी तिथल्या तिथे सुमंतला फोन लावला. "घे! हे तुझं विज्ञान! विज्ञान म्हणजे तपासून बघणं रे, खिशात घेऊन फिरणं नाही! तुझ्या घड्याळाला माणूस आणि घोंगडी यातला फरक कळत नाही!" तो म्हणाला, "बरं बाई, हरलो. मग तू खरंच झोपत नाहीस? पुण्याला ये बघू."

फोन ठेवला. ईशानी अजून हसत होती. माझ्या हातात ते आसन होतं.

घोंगडीला नाडी. गार पडलेल्या माणसाच्या बैठकीला नाडी.

आणि मग लक्षात आलं मी काय करून बसले ते. स्वप्नाची पळवाट मीच बुजवली. आता मी जागी होते.

१५ सप्टेंबर

कशाला सिद्ध केलं? कुणी सांगितलं होतं?

१७ सप्टेंबर

काल परत. त्याच जागी अडला. अंगावरची चादर मुठीत धरून पडून राहिले. मनात म्हणत होते – पुढे हो रे. पुढे हो.

१९ सप्टेंबर

सुमंतचा फोन. "आई, यंदा व्याख्यान राहू दे. बाबा गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष आहे. लोकही समजून घेतील."

"म्हणूनच द्यायचं. दुसऱ्याचा नवरा मेल्यावर बोलायला काय लागतं?"

छान वाक्य होतं. फोनवर शोभलं.

अंबिका दारात येऊन गेली. "भाभीजी, भाईसाहब के नाम का जल तो दिलवा दीजिए।" दर वर्षी मी तिला दारातच अर्धा तास ऐकवते. आज म्हटलं, बघते. ती घाबरूनच परत गेली.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. सकाळी घाटावर तर्पण करून ओल्या पंचांनिशी आलेलेही होते. मागच्या रांगेत ढुंढिराज, पुढे ईशानी.

चांगलं बोलले. आवाज लागला. भीतीचा बाजार, पिंडांचे भाव, बायकांच्या रडण्यावर चालणारी दुकानं – सगळं घेतलं. मग ते वाक्य आलं. तीस वर्षं ज्या वाक्यावर व्याख्यान संपवते ते – गेलेला माणूस कुठेही नसतो, त्याचा आवाज कुठेही नसतो, कान लावून बसू नका, जिवंतांकडे बघा!

थांबले. लोकांना वाटलं, नवरा आठवला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी पाणी प्यायले आणि ते वाक्य म्हटलं. नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं.

टाळ्या थांबेनात.

व्यासपीठावरून मी आजवर अतिशयोक्ती केली असेल, कुणाला नको तितकं झोडपलं असेल. पण ज्यावर विश्वास नाही असं एकही वाक्य बोलले नव्हते. आज बोलले. घड्याळासारखी – आतलं काही न दिसता, आत्मविश्वासाने.

ढुंढिराज पाया पडला. "काकू, यंदाचं सर्वांत जोरदार!" त्याच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही.

२२ सप्टेंबर

सकाळी ईशानीला सगळं सांगून टाकलं. खोटं पचेना. भ्रमिष्ट तर भ्रमिष्ट!

तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. "आजोबा? आजी, ते तर तू म्हणतेस. रोज. तुझ्या खोलीतून येतो आवाज. मला वाटलं तुला माहितीये – आजोबांचा पाठ तू चालवते आहेस. एकदोनदा दारात येऊन बघितलं मी. डोळे मिटून पडलेली असतेस. हलत पण नाहीस. अडलीस की स्वतःच म्हणतेस, 'परत, मुळापासून.'"

ढुंढिराजला निरोप धाडला आहे. उद्या ये म्हटलं. एका जागी मी अडते आहे, तिथून पुढे मला शिकव.