यंदा चिंध्या बांधल्या नाहीत

४ सप्टेंबर

वेखंड खणलं. रीतीप्रमाणे आधी पाण्याला तंबाखू वाहिली, आईचं नाव घेतलं, मग हात घातला. पाणी कसलं, चिखलच! रस्तेवाल्यांनी बीव्हरचा बांध फोडला, तळं घोट्यावर आलं. निळ्या फुलांची झाडं थेट वेखंडात घुसलीत. पाती तशीच, मूळ तसंच — आणि विषारी. जूनमध्ये ती फुलली की त्यांना लाल चिंध्या बांधायच्या, म्हणजे आता, फुलं नसताना, ती चुकून उपटली जात नाहीत. दर वर्षी मी नि धाकटी बहीण व्हर्ना बांधतो. यंदा भांडलो. राहिलं.

राहिलं तर राहिलं. पंचवीस वर्षं खणतेय मी!

६ सप्टेंबर

भाऊ मुळांची पिशवी घेऊन मेळ्याला गेला. दोन दिवस ढोलावर गाणं आहे, गळ्यासाठी सगळे मूळ चघळतात.

"ताई, तुझ्या मुळाशिवाय माझा बेडूक होतो."

"मूळ असूनही बेडूकच असतोस, लीलँड. नीघ!"

७ सप्टेंबर

उरलेला एक तुकडा चघळला. तोंड पेटलं. दोनदा ओकले. हे वेखंड नाही!

पिशवीत अशी किती गेली?

संध्याकाळ — अकरा वेळा फोन केला. उचलत नाही.

लिहूनच टाकते. मार्चमधल्या तापापासून मला वास येत नाही. कशाचाच. वेखंड मोडलं की घमघमतं, निळ्याचं मूळ नाही — तेवढीच खूण. आणि मी नुसत्या सवयीनं उपटत सुटले. कुणाला बोलले नाही. जूनमध्ये व्हर्ना म्हणाली, "कॉफी करपलीय, तुला कळत कसं नाही?" मी म्हटलं, नको असेल तर ऊठ. ती उठली. ती गेलीच.

त्या एका ढोलाभोवती आठ जण गायला बसतात. आठही जण चघळणार.

८ सप्टेंबर

फोन नाही. जेवण गेलं नाही.

९ सप्टेंबर

गाडी वाजली. उतरली व्हर्ना! टेबलावर सात मुळं आपटली.

"लीलँडबरोबर मीही गेले होते. गाडीत बसल्या बसल्या पिशवी हुंगून काढली. एकेक मूळ. ही सात बिनवासाची निघाली."

"तो कसा आहे?"

"बेडकासारखा ओरडतोय अजून. तीन महिने तुझी करपलेली कॉफी प्यायले मी, ताई. तुला वास येत नाही हे मला कळणार नाही होय?"

मी कॉफी टाकली.

"करपली," म्हणाली. आणि प्याली.